विषाणू बदलला, रक्तात ताकद आहे, गोवा रेबीजमुक्त आहे: तीन समजुतींना एक उत्तर

गोव्यातल्या साखळी गावाहून एका वाचकाने विचारलं आहे. हद्दीपलीकडे सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला राहणाऱ्या त्यांच्या आत्याला अंगणात शिरलेला अनोळखी कुत्रा पोटरीला चावला, रक्त आलं. त्याला चार दिवस झाले. लशीचे दोन डोस झालेत, कुत्रा मात्र पुन्हा कुणाच्या नजरेस पडलेला नाही. आता घरात तीन मतं आहेत. भाचा म्हणतो, विषाणू बदललाय, त्याच्यावर जुनी लस चालत नाही. थोरले काका म्हणतात, आजोबांना पिसाळलेला कुत्रा चावला होता, काही झालं नाही, आपल्या रक्तातच ताकद आहे. आणि शेजारी म्हणतात, गोव्यात रेबीज संपलाय, उगाच सुया कशाला टोचून घ्यायच्या?

तिन्ही मुद्द्यांवर लिहितो, पण आधी आत्यांचा केसपेपर हातात घ्या. त्यावर फक्त लशीची नोंद आहे की सीरमचीही? कातडी फाटून रक्त आलं म्हणजे हा तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीचा चावा. अशा चाव्याला लस एकटी पुरत नाही. जखमेत अँटी-रेबीज सीरम, म्हणजे विषाणूला धरणारी तयार प्रतिपिंडं, भरावं लागतं. लशीमुळे शरीर स्वतःची प्रतिपिंडं तयार करतं, पण त्याला साधारण दहा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत विषाणूला जखमेतच अडवून धरायचं काम सीरम करतं. पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत ते देता येतं, त्यामुळे आत्यांची वेळ अजून गेलेली नाही. सीरम दिलं नसेल तर आजच्या आज जिल्हा रुग्णालय गाठा किंवा बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) या. घोड्याचं सीरम किलोमागे ४० युनिट, माणसाचं २० युनिट. सीरम म्हणजे कमरेत टोचायचं इंजेक्शन नव्हे. दाताचं प्रत्येक भोक शोधून त्याच्या तळाशी आणि कडेने सुई फिरवत ते भरायचं असतं. पोटरी मांसल असल्यामुळे तिथे सोपं जातं. लहान मुलाचं बोट असेल तर थेंबाथेंबाने सोडावं लागतं. त्वचा ताणून पांढरी पडायला लागली की थांबायचं, नाहीतर बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. हे काम वेळखाऊ आहे, त्यात कौशल्य लागतं, आणि नेमकं तेच गर्दीत राहून जातं. लस घेऊनही माणूस दगावला अशी बातमी येते तेव्हा मी पहिल्यांदा पाहतो ते हेच: जखम धुतली होती का, सीरम जखमेत भरलं होतं का, आणि पहिला डोस किती उशिरा झाला.

आता भाच्याचा मुद्दा. शंका रास्त आहे. कोविडने सगळ्यांना शिकवलं की विषाणू बदलतात आणि लस मागे पडू शकते. रेबीजचा विषाणूही आरएनएचाच आहे. स्वतःची नक्कल करताना चुका दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. तरीही त्याची गोष्ट वेगळी आहे, आणि का वेगळी आहे हे समजून घेतलं तर गोव्याचा प्रश्नही आपोआप उलगडतो.

या विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम १२,००० अक्षरांचा. त्यात पाच जनुकं, ओळीने एन, पी, एम, जी आणि एल. एन हे आतल्या आरएनएला गुंडाळून ठेवणारं प्रथिन बनवतं. प्रयोगशाळेत कुत्र्याच्या मेंदूचा ठसा काचेवर घेऊन त्यावर चकाकणारी प्रतिपिंडं सोडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके शोधतात. ते ठिपके बहुतांशी याच प्रथिनाचे. जी हे विषाणूच्या अंगावर काट्यांसारखं उभं असलेलं प्रथिन. मज्जातंतूच्या टोकाला चिकटायचं काम त्याचं, आणि आपली लस शरीराला ओळखायला शिकवते तेही तेच. त्यात ३३३ व्या जागी आर्जिनिन हे अमिनो आम्ल असतं. तेवढं एक बदललं तरी विषाणूची मज्जासंस्थेत पसरायची धार बोथट होते. प्राण्यांना तोंडावाटे द्यायच्या काही लशींचे विषाणू याच जागेवर बदल करून तयार केले आहेत.

म्हणजे बदल होतात, पण बहुतेक बदल विषाणूच्याच मुळावर येतात. त्याला स्नायूतून मज्जातंतूत शिरायचं, तंतूच्या आतून मेंदूपर्यंत चढायचं, तिथून लाळग्रंथीत उतरायचं, आणि कुत्र्याचं वागणं बिघडवून दुसऱ्या कुत्र्याच्या अंगात जायचं. ही सगळी कामं पाच जनुकांत उरकायची असतात. मध्ये कुठे गडबड झाली की तो वंश तिथेच खुंटतो. त्यामुळे वर्षभरात त्याच्या १२,००० अक्षरांत टिकून राहणारे बदल सरासरी दोन-तीनच. जगभरच्या कुत्र्यांतल्या रेबीजचे अनेक वंश आहेत. भारतात आर्क्टिकसदृश म्हणतात तो वंश मोठ्या प्रमाणावर सापडतो. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत भारतीय उपखंडाचा स्वतंत्र, जुना वंशही आहे. पण लशीने शिकवलेली प्रतिपिंडं या सगळ्यांना धरतात. लशीतले विषाणू कित्येक दशकांपूर्वी वेगळे केलेले आहेत, तरी आजच्या रस्त्यावरच्या विषाणूवर ते काम करतात. आफ्रिकेतल्या मोकोला किंवा लागोस वटवाघूळ विषाणूसारखे काही चुलत विषाणू या लशीला दाद देत नाहीत हे खरं. पण दोडामार्गच्या अंगणातल्या कुत्र्याचा त्यांच्याशी संबंध नाही.

बदलाचा प्रश्न खरोखर येतो तो एकाच ठिकाणी. सीरमऐवजी आता मोनोक्लोनल, म्हणजे कारखान्यात बनवलेली एकाच साच्याची प्रतिपिंडंही मिळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं असं एक औषध आहे, झायडसचं दोन प्रतिपिंडांचं मिश्रण आहे. मोनोक्लोनल प्रतिपिंड जी प्रथिनाच्या एकाच ठरावीक जागेवर बसतं. ती जागा एखाद्या वंशात बदललेली असली तर ते सुटून जाण्याची शक्यता असते. म्हणून अशी औषधं निरनिराळ्या भागांतल्या विषाणूंवर तपासून घेतात, आणि म्हणूनच दोन प्रतिपिंडांच्या मिश्रणाकडे कल असतो. लस आणि घोड्याचं किंवा माणसाचं सीरम अनेक जागा एकदम धरतात, त्यांना ही अडचण येत नाही. भाच्याला एवढं सांगा: आत्यांच्या दंडात गेलेली लस त्या कुत्र्यातल्या विषाणूला ओळखते.

हा जनुकीय मजकूर वाचता येऊ लागल्यापासून आणखी एक मोठी गोष्ट कळली. माणसाच्या मेंदूतून, लाळेतून किंवा मानेवरच्या त्वचेच्या तुकड्यातून मिळालेला विषाणू वंशवृक्षावर ठेवला, तर तो त्या भागातल्या कुत्र्यांच्या विषाणूंच्या मधोमध जाऊन बसतो. माणसांची अशी वेगळी फांदीच नाही. माणूस हा या विषाणूच्या वाटेचा शेवट आहे. तो माणसात येतो, माणसाला मारतो आणि तिथेच संपतो. याला अपवाद जवळपास फक्त अवयवरोपणाचा. जर्मनीत भारतातून परतलेल्या एका दात्याचे अवयव दिले गेले आणि २००५ मध्ये रेबीजने तीन रुग्ण दगावले. त्याच दात्याचं यकृत मिळालेला रुग्ण मात्र वाचला, कारण त्याने कित्येक वर्षांपूर्वी रेबीजची लस घेतलेली होती. लशीच्या ताकदीचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

विषाणू इतका सावकाश बदलतो म्हणून तो आपला पत्ताही सांगतो. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन स्थलांतरितांचे मृत्यू तपासले. ते लाओस, फिलिपाइन्स आणि मेक्सिकोतून आलेले होते. विषाणू अमेरिकेतल्या प्राण्यांचा निघाला नाही, ज्याच्या त्याच्या मायदेशातल्या कुत्र्यांचा निघाला. त्यांचं अमेरिकेत येणं कधी झालं यावरून हिशेब केला, तर विषाणू अंगात किमान अकरा महिने, चार वर्षं आणि सहा वर्षं दबा धरून होता. बहुतेकांत लक्षणं एक ते तीन महिन्यांत दिसतात. पण 'वर्ष झालं, आता काही होत नाही' असं कुणी म्हणालं की मला हे तीन रुग्ण आठवतात. म्हणून चावा जुना असला तरी उपचार घ्यायलाच हवेत.

आता काकांचा मुद्दा, घराण्याच्या रक्ताचा. आजोबा वाचले हे खरं असेल. पण त्याचं श्रेय रक्ताला देता येणार नाही. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला प्रत्येक माणूस उपचाराविना मरतोच असं नाही. अंदाज असा की सरासरी पाचात एकाला रोग होतो. चेहऱ्यावर, डोक्यावर चावा असेल तर धोका कितीतरी जास्त, पायाला असेल तर कमी. कुत्र्याच्या लाळेत त्या वेळी विषाणू किती होता, दात कापडातून गेले की थेट मांसात, जखम मज्जातंतूंच्या किती जवळ होती, लगेच धुतली का, यावर सगळं ठरतं. शिवाय गावाने पिसाळलेला ठरवलेला कुत्रा खरोखर पिसाळलेला होता की नाही, याची त्या काळी कुणी तपासणी केलेली नसणार. चुना, हळद, मिरचीपूड जखमेत भरणारे आणि 'कुत्र्याचं विष उतरवणारे' यांचं नाव झालं ते याच पाचातल्या चारांच्या जिवावर. पाचव्याच्या घरचे पुढे काही बोलत नाहीत.

माणसाच्या जनुकांत रेबीजविरुद्ध काही आहे का, याचा शोध शास्त्रज्ञ घेतातच. पेरूच्या ॲमेझॉन भागात, जिथे रक्तपिपासू वटवाघळं लोकांना वारंवार चावतात, तिथल्या ६३ जणांच्या रक्तात सातांना रेबीजची प्रतिपिंडं सापडली, आणि त्यातल्या बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती. हा अभ्यास २०१२ चा. विषाणूच्या छोट्या मात्रेशी सामना होऊन शरीराने तो मज्जातंतूत शिरण्याआधीच परतवला असावा, अशी शक्यता त्यातून पुढे येते. पण कुठल्याही एका जनुकाकडे बोट दाखवून 'हे ज्याच्याकडे त्याला रेबीज नाही' असं म्हणता येत नाही. थायलंडमधलं एक निरीक्षण इथे महत्त्वाचं आहे. एकाच कुत्र्याने दोघांना चावल्यावर एकाला उग्र स्वरूपाचा रेबीज झाला, दुसऱ्याला लुळेपणाचा. विषाणू तोच होता. म्हणजे रोगाचं रूप कसं दिसेल यात माणसाच्या शरीराच्या प्रतिसादाचा वाटा असावा. शेवट मात्र दोन्हीकडे मृत्यूच.

लुळेपणाच्या या रूपाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण डॉक्टरही इथे चकतात. उग्र रेबीज ओळखू येतो. रुग्णासमोर पाण्याचा पेला धरला की घसा आवळतो, मान मागे जाते. पंख्याचा झोत अंगावर आला तरी तसंच. शुद्ध मात्र असते, माणूस मधल्या वेळेत नीट बोलतो, मुलांची नावं घेतो. हे ज्याने एकदा पाहिलं तो जखम धुण्याबद्दल पुन्हा कधी हयगय करत नाही. लुळेपणाच्या रेबीजमध्ये यातलं काहीच ठळक नसतं. पाय जड होतात, अशक्तपणा वर चढत जातो, आणि निदान गियाँ-बारे सिंड्रोमचं, म्हणजे लुळेपणा आणणाऱ्या मज्जातंतूंच्या एका वेगळ्याच आजाराचं होतं. २००५ मध्ये गोव्यात सुट्टी घालवून परतलेली एक ब्रिटिश महिला लिव्हरपूलमध्ये याच रूपाच्या रेबीजने दगावली. इथे असताना तिला एका पिल्लाने किरकोळ चावा घेतला होता आणि तिने उपचार घेतले नव्हते. पिल्लाचा चावा, पाळलेल्या कुत्र्याचा चावा, मांजराचा ओरखडा, हे सगळं याच हिशेबात धरायचं. गुरांचंही तेच. गाय खात नाही, तोंडातून लाळ गळते, म्हणून घशात काही अडकलंय का हे पाहायला शेतकरी हात कोपरापर्यंत आत घालतो. गाय रेबीजने आजारी असेल आणि हाताला खरचटलेलं असेल, तर तोही लशीचा रुग्ण.

शेवटी शेजाऱ्यांचा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते इथेच.

गोव्यात जे झालं ते थोर आहे. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी २०१३ पासून २०१९ पर्यंत जे काम उभारलं, त्याचा लेखाजोखा नेचर कम्युनिकेशन्स या विज्ञान नियतकालिकात २०२२ साली छापून आला. वर्षाला ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस, ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोहोच, शाळांतून दरवर्षी दीड लाख मुलांना शिक्षण, आणि कुत्र्यांतल्या रेबीजच्या मासिक संख्येत ९२ टक्के घट. सप्टेंबर २०१७ मधल्या मृत्यूनंतर त्या काळात माणसाचा बळी गेला नाही, आणि २०२१ मध्ये राज्याने तसं जाहीर केलं. हे काम वाड्यावाड्यांतून चालतं. पथकाच्या फोनवर त्या दिवसाचा भाग आखून दिलेला असतो. जाळीने किंवा हाताने कुत्रा धरायचा, टोचायचा, अंगावर रंगाचा पट्टा ओढायचा आणि फोनवर नोंद करायची. मग दुसरे लोक त्याच रस्त्यांवरून फिरून रंग लावलेले किती आणि बिनरंगाचे किती ते मोजतात. ७० टक्के भरले नाहीत तर पथक परत त्याच वाड्यात.

सत्तरच का? एक पिसाळलेला कुत्रा सरासरी एक ते दोन कुत्र्यांनाच रोग देतो. गोवरासारखा हा रोग भडकत नाही. तेव्हा खरं तर कमी कुत्र्यांना लस दिली तरी साखळी तुटायला हवी. पण भटक्या कुत्र्याचं आयुष्य थोडं असतं. लस दिलेले मरतात, नवी पिल्लं येतात, आणि वर्षभरात तो आकडा घसरत जातो. सत्तरपासून सुरुवात केली तर पुढच्या फेरीपर्यंत तो धोक्याच्या रेषेखाली जात नाही. एक वर्ष फेरी चुकली तर मागची सगळी मेहनत पाण्यात जाते.

पण ९२ टक्के घट म्हणजे उरलेले आठ टक्के आहेत. माणसांचे मृत्यू थांबले म्हणजे विषाणू गेला असं नाही. पणजीतल्या टोंकच्या पशुवैद्यकीय रोगनिदान केंद्रात येणाऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांवर म्हणूनच लक्ष ठेवावं लागतं. आणि गोवा बेट नाही. पत्रादेवीला रस्ता ओलांडला की सिंधुदुर्ग, चोर्लातून वर चढलं की बेळगाव, पोळेच्या पलीकडे कारवार. कुत्र्याला हद्द कळत नाही हे सगळेच म्हणतात. जनुकीय अभ्यास त्याच्या एक पाऊल पुढे जातात. उत्तर आफ्रिकेतल्या विषाणूंचा वंशवृक्ष मांडला तेव्हा असं दिसलं की दोन विषाणूंमधलं नातं सरळ रेषेतल्या अंतरापेक्षा रस्त्याच्या अंतराशी जास्त जुळतं. म्हणजे विषाणू लांबवर नेतो तो माणूसच, टेम्पोत कुत्रा घालून. १९९७ मध्ये इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर रेबीज पोचला तो मच्छीमारांनी नावेतून आणलेल्या कुत्र्यांबरोबर. मध्य आफ्रिकेच्या बांगी शहरात असं दिसलं की विषाणूच्या साखळ्या अधूनमधून विझतात आणि बाहेरून नव्या आत येतात.

म्हणूनच मला वाटतं की गोव्यात पुढे सापडणाऱ्या प्रत्येक पॉझिटिव्ह कुत्र्याच्या विषाणूचा पूर्ण जनुकीय क्रम काढायलाच हवा. हातात मावणारी यंत्रं आता आहेत, केनिया, टांझानिया आणि फिलिपाइन्समध्ये तिथल्या तिथे हे काम करून दाखवलेलं आहे. पेडण्यात सापडलेल्या कुत्र्यातला विषाणू आधीच्या गोव्यातल्या विषाणूंशी जुळला, तर त्याचा अर्थ आपल्याच एखाद्या वाड्यात साखळी जिवंत आहे, तिथे पथक पाठवा. तो हद्दीपलीकडच्या विषाणूंशी जुळला, तर लशीची फेरी दोडामार्ग, बांदा, खानापूरपर्यंत न्यावी लागेल, आणि त्यासाठी तीन राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांना एका टेबलाशी बसावं लागेल. नुसत्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हवरून हा फरक कळत नाही, आणि तो कळल्याशिवाय पैसा नेमका कुठे ओतायचा हेही ठरत नाही.

देशाचं चित्र पाहिलं तर निष्काळजी राहायला जागाच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीतून भारतात वर्षाला सुमारे ५,७०० रेबीज मृत्यूंचा अंदाज निघाला. जुने अंदाज वीस हजारांच्या आसपास होते, तेव्हा आकडा उतरलेला आहे. पण प्राण्यांचे चावे वर्षाला ९० लाखांच्या घरात, आणि चावलेल्यांपैकी पाचातला एक जण लशीला जातच नाही. यात मुलं मोठ्या संख्येने असतात, आणि मूल बोलणी बसतील म्हणून चावा लपवतं.

तुमच्या आत्यांचा कुत्रा परत दिसलेला नाही, हे मी चांगलं लक्षण मानत नाही. दहा दिवस कुत्रा डोळ्यांसमोर धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. नाहीसा झालेला कुत्रा पिसाळलेलाच धरायचा. सातव्या दिवसाचा आणि त्यानंतरचे सगळे डोस ठरल्या तारखांना पूर्ण करा. पोटातली चौदा इंजेक्शनं २००४ मध्येच बंद झाली, ती भीती असेल तर काढून टाका. त्याच अंगणात त्याच दिवशी आणखी कुणाला, शेळीला, गाईला, शेजारच्या कुत्र्याला चावा बसलाय का ते घरोघरी विचारा. दोडामार्गच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्याचा रंग, खूण आणि गेल्याची दिशा सांगा. तो मेलेला सापडला तर पुरू नका, उघड्या हाताने शिवू नका, दवाखान्याला कळवा म्हणजे मेंदूचा नमुना घेता येईल. तो गोव्याच्या बाजूला उतरला असण्याची शक्यता असेल, तर डिचोलीच्या पशुवैद्यकीय केंद्रालाही तेवढंच कळवा.